सातारी बाण, मिरजेची तार

तुमच्या ऑफिसातल्या खुर्चीखाली दोन-तीन दांडे असतात. एक उंचीचा, एक पाठ मागे रेलण्याचा आणि एक कशाचा ते कुणालाच माहीत नसतं. खरं सांगा, जॉइन झाल्यापासून किती वेळा हात लावलात त्यांना? तुमच्या आधी त्या जागेवर बसणारा सहाफुटी होता. त्याच्या मापाची खुर्ची तुम्ही मुकाट्याने वापरताय आणि संध्याकाळी मान धरली म्हणून बाम चोळत बसताय. मोबाइलच्या वॉलपेपरवर आपण अर्धा तास घालवू, पण जी वस्तू रोज आठ तास अंगाला लागते ती आपल्या अंगाला लावून घ्यायचा मात्र कंटाळा!

तर मंडळी, आज अशा काही लोकांची ओळख करून द्यायची आहे, ज्यांना हा कंटाळा अजिबात परवडत नाही. ते राहतात तुमच्या-आमच्यापासून फार लांब नाही. पुण्याहून निघालात, खंबाटकी उतरलात, वाटेत चहा घेतलात की आलंच सातारा. कंदी पेढे आणि अजिंक्यतारा यांच्या जोडीला आता या गावाची आणखी एक ओळख झाली आहे. जगज्जेत्या तिरंदाजांचं गाव.

५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या महिला कंपाउंड फायनलमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराविरुद्ध उभी राहिली. अदितीचं वय १७. स्कोअर झाला १४९-१४७. भारताला सीनियर गटातलं पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळालं ते असं. त्याच दिवशी ओजस देवतळेने पुरुषांची फायनल १५०-१४९ अशी मारली. ओजस मूळचा नागपूरचा, पण सरावासाठी साताऱ्यात येऊन राहिलेला. दोघांचे कोच एकच, प्रवीण सावंत, आणि मैदानही एकच, उसाच्या रानाच्या कडेला असलेली दृष्टी आर्चरी अकादमी. त्याच्या महिनाभर आधी आयर्लंडमधल्या लिमरिकला झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत अदितीने १८ वर्षांखालचं विजेतेपद घेतलं होतं, आणि साताऱ्याच्याच पार्थ साळुंखेने रिकर्व्ह प्रकारात २१ वर्षांखालच्या मुलांचं. म्हणजे उन्हाळा-पावसाळा धरून एका गावाच्या नावावर चार जगज्जेतेपदं लागली. एवढ्यावर एखाद्या मोठ्या शहराने चौकाचौकात होर्डिंग लावली असती!

पण आजचा विषय मेडल नाही. आजचा विषय आहे त्या १४९ मधला हरवलेला एक गुण आणि समोरच्या १४७ मधले हरवलेले तीन.

थोडं गणित करू, घाबरू नका. कंपाउंड तिरंदाजीत टार्गेट ५० मीटरवर असतं. त्यातलं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. मॅचमध्ये १५ बाण, कमाल गुण १५०. ओजसने बर्लिनच्या फायनलमध्ये पंधराच्या पंधरा बाण त्या कपात टाकले. आता धनुष्यावर जी साइट असते, ती डोळ्यापासून हातभर, समजा ८५ सेंटिमीटर लांब असते. ती साइट १ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर बाण जवळजवळ ६ सेंटिमीटर सरकतो. मधोमध धरलेला नेम सरळ नवात. म्हणजे एक स्क्रू किंचित सैल, आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल हातातून गेली! हात नाही हलला, श्वास नाही चुकला, मन शांत होतं. स्क्रू सैल होता, बस.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणत आपण लहानाचे मोठे झालो. चूक स्वतःची असते, अवजाराला नावं ठेवायची नाहीत, हे संस्कार! पण या खेळात अंगण खरोखर वाकडं असू शकतं. त्यामुळे इथे आधी अंगण सरळ करायचं आणि मग नाचायला उतरायचं.

कंपाउंड धनुष्य हे रामायण सिरियलमधलं धनुष्य नव्हे, हे सांगायला हवं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात होलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या लावल्या. १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. कप्पी गोल असते, पण हिचा आस मधोमध नसतो. म्हणून तिला कॅम म्हणतात. दोरी ओढायला लागलात की आधी पूर्ण जोर लागतो. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० पौंड, म्हणजे २७ किलो, सिमेंटच्या अर्ध्या पोत्यापेक्षा जास्तच. पण दोरी शेवटापर्यंत आली की कॅम फिरतो आणि जोर एकदम उतरतो. ७५ टक्के भार गळून पडला तर हातात उरतात १५ पौंड, पावणेसात किलो. तेवढे धरून शांतपणे नेम धरायचा. त्यात पुन्हा साइटला भिंग, भिंगात पाणपातळीचा बुडबुडा, दोरीत पीप नावाची चकती, तिच्या भोकातून पाहायचं, आणि दोरी बोटांनी नाही तर रिलीज नावाच्या यंत्राने सोडायची. रिकर्व्हवाले याला चेष्टेने मशीन म्हणतात. म्हणू देत बिचारे!

मशीन आहे म्हटलं की सर्व्हिसिंग आलंच. इथूनच खरी मजा सुरू होते.

सगळ्यात आधी कॅमची वेळ. वरचा आणि खालचा असे दोन कॅम असतील तर दोघांनी एकाच क्षणी शेवट गाठायला हवा. वरचा आधी पोचला, खालचा केसभर मागे राहिला, तर दोरी सुटल्यावर सरळ न धावता वर-खाली हेलकावत धावते आणि बाणाची शेपटी उडवते. बैलगाडीला एक बैल चपळ आणि एक आळशी जुंपला की जे होतं तेच. यावर उपाय म्हणजे दोरीला किंवा तिच्या जोडीच्या केबलला पीळ द्यायचा. एक पीळ दिला की ती किंचित आखूड होते. अर्धा पीळ, पुन्हा ओढून बघ. आणखी अर्धा, पुन्हा ओढून बघ. आणि हे हाताने होत नाही. धनुष्याच्या पात्यांवरचा ताण उतरवायला बो-प्रेस नावाचा शिकंजा लागतो. तो नसताना ज्यांनी पान्याने खाटखूट करून बघितली आहे, त्यांच्या कपाळावरच्या खुणा पाहून ठेवा.

मग येतो कागद. ही माझी सगळ्यात आवडती पायरी, कारण इथे सगळं उघडं पडतं. एका चौकटीत साधा कागद ताणून लावायचा, दीड-दोन मीटरवर उभं राहायचं आणि कागदातून बाण मारायचा. बाण नीट चालला असेल तर कागदाला एक गोल भोक पडतं आणि त्याभोवती पिसांच्या तीन चिरा. शेपटी वर उचलली जात असेल तर भोकाच्या वर कागद फाटतो. म्हणजे बाण दोरीत वाजवीपेक्षा वर अडकवला जातोय, खाली घ्या. डावी-उजवीकडे फाटला तर बाण जिच्यावर टेकतो ती रेस्ट केसभर सरकवा. पुन्हा नवा कागद. पुन्हा बाण. असे पन्नास कागद फाटतात एका दुपारी! डोळ्यांना दिसत नाही ते कागदाला दिसतं. बाण ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो, ५० मीटर संपवायला त्याला अर्ध्या सेकंदाच्या वर थोडाच वेळ लागतो. तेवढ्यात तो वाकतो, सावरतो, गिरकी घेतो. आपल्याला दिसते ती फक्त सटकन गेलेली रेघ.

आणि आता बाण. धनुष्याला नवरदेवाचा मान मिळतो, पण लग्न जुळवायचं असतं बाणाशी.

बाणाची काडी वाकते. वाकायलाच हवी, फक्त किती वाकावी याला हिशेब आहे. याला स्पाइन म्हणतात. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू, त्यावर काडी, मधोमध १.९४ पौंडांचं वजन टांगायचं. काडी अर्धा इंच लवली तर ती ५०० स्पाइनची. आकडा जेवढा लहान तेवढी काडी ताठ. जास्त ताकदीच्या धनुष्याला ताठ काडी, हलक्याला लवचिक. पण तिथेही गोष्ट संपत नाही. टोकाला जड पॉइंट लावलात की तीच काडी मऊ वागायला लागते. काडी थोडी कापून आखूड केलीत की ताठ वागते. माणसांसारखंच, डोक्यावर भार किती त्यावर वागणं ठरतं.

वजनाचं एकक मोठं गमतीचं आहे, ग्रेन. बंदुकीची गोळीही ग्रेनमध्येच तोलतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. आपल्याकडच्या जुन्या सोनारांची गुंज आठवते? एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची गलाई मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली. त्यांच्या हातात एखादा बाणांचा डझन दिला तर ते बरोबर सांगतील त्यातला कुठला जड आहे. इकडे साडेतीनशे ग्रेनच्या बाणात सात ग्रेन जास्त झाले, म्हणजे जेमतेम चार गुंजा, तर बाण किंचित हळू निघतो आणि ५० मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर खाली लागतो. दोन-तीन सेंटिमीटर म्हणजे दहाच्या रेषेला चिकटून. वारा थोडा उलटा असेल, तर नऊ.

म्हणून तिरंदाज बाणांवर नंबर घालतात. एक ते बारा. रोज मारतात आणि वहीत लिहितात. सात नंबर सारखा उजवीकडे जातोय. त्याची मागची खाच थोडी फिरवा. तरी जातोय? सात नंबर प्रॅक्टिसला, मॅचला नाही. शाळेत हजेरी घेतात तशी बाणांची हजेरी! आणि यातला एक कडक नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पॉइंट बदलला, रेस्टही हलवली आणि दोरीला पीळही दिला, तर सुधारणा कशाने झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. (हा नियम आमच्या ऑफिसच्या रिस्ट्रक्चरिंग कमिटीला कुणीतरी फ्रेम करून द्या हो!)

बंदुकीच्या दुनियेतही हीच गोष्ट. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तो ज्या .२२ रायफलच्या प्रकारात खेळतो, तिथे प्रत्येक नळीला काडतुसांचा एखादाच लॉट मानवतो. कंपनी तीच, डबा तोच, फक्त लॉट नंबर वेगळा, आणि गोळ्यांचा घोळका दुप्पट पसरतो. मग नळी शिकंजात आवळून एकेका लॉटच्या गोळ्या मारून बघायच्या आणि जो जुळला तो जमेल तेवढा विकत घेऊन ठेवायचा. आपल्या आज्या नाही का, एखादा तांदूळ चांगला निघाला की वर्षाचा भरून ठेवायच्या.

याहून वेडी मंडळी म्हणजे परदेशातले प्रॅक्टिकल शूटिंगवाले. पळत, वळत, लपत, घड्याळ लावून गोळ्या मारायच्या. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली, तीसुद्धा मिसुरीतच, कोलंबिया नावाच्या गावी. काय पाणी आहे कोण जाणे तिथलं! त्यातले काही जण अजूनही रिव्हॉल्व्हरने खेळतात. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर मुळात जड, म्हणून ते आतल्या स्प्रिंगा हलक्या करतात. ट्रिगर लोण्यासारखा होतो, पण हॅमरचा ठोका इतका मवाळ पडतो की काडतूस फुटतच नाही. मग मवाळ ठोक्यालाही फुटेल असं प्रायमर शोधा. गोळीचा धक्का कमी व्हावा म्हणून दारू कमी भरा, पण फार कमी नको. कारण मॅचमध्ये गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फुटात, भागिले हजार, असा पॉवर फॅक्टर मोजतात आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला तर तुमचे सगळे गुण शून्य. म्हणजे त्या मर्यादेला हात लावून परत यायचं, पण खाली पडायचं नाही. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आणि परवान्याची वाट पाहता घरी बसून काडतुसं भरण्याचा हा छंद कुणाला जडण्याची शक्यता कमी, आणि एका अर्थी बरंच आहे. धनुष्याला दारूगोळा नको. डोकं मात्र तेवढंच लागतं.

हे सगळं मी ऑफिसातल्या एका सांगलीकराला मोठ्या कौतुकाने सांगत होतो. सातारा-सांगलीचं तुम्हाला माहीतच आहे. एकाने पेढा म्हटलं की दुसरा भडंग काढतो. तो शांतपणे म्हणाला, “ट्यूनिंग बघायचं तर आमच्या मिरजेला चल की. दीडशे वर्षं तेच करतायत लोक.”

आणि गंमत म्हणजे त्याचं म्हणणं नुसतं जिल्हाप्रेम नव्हतं. मिरजेत सतार आणि तानपुरे बनवणारी घराणी आहेत, हे गाण्यातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. पण ही घराणी मुळात कोण? शिकलगार. तलवारी, भाले, शस्त्रं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, इंग्रजांचा अंमल बसला, शस्त्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून या हातांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचे भोपळे आणायचे, लाकूड कोरायचं, तारा चढवायच्या. ज्या बोटांना पात्याची धार कळत होती, त्यांना तारेचा सूर कळायला लागला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

त्यांचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे जवारी. सतारीची किंवा तानपुऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, ती घोडी सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि त्यातून तो भरलेला, घुमणारा आवाज निघतो. कानसने एक हात जास्त फिरला की आवाज मेला. मग पुन्हा घासा, पुन्हा तार चढवा, पुन्हा ऐका. तानपुऱ्याला तर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. तो जरा पुढे-मागे केला की अचानक एका जागी सगळा तानपुरा उजळतो. मिलिमीटरचाच मामला! आणि वाजवून वाजवून घोडीवर तारेची खाच पडते, जवारी उतरते, पुन्हा लावून घ्यावी लागते. कंपाउंडच्या दोरीचंही तसंच. तिचे धागे कितीही उच्च प्रतीचे असोत, हजारो बाणांनंतर ती रवाभर लांबते, पीप फिरते, कॅमची वेळ चुकते. ट्यूनिंग एकदा करून संपत नाही, हा त्यातला वैताग आहे.

सांगलीकराचं एकच म्हणणं मी मान्य केलं नाही. तो म्हणाला, शेवटी सगळा कानाचा खेळ. मिरजेत असेल. साताऱ्यात कानाबरोबर खिसाही लागतो.

कारण आता खर्चाकडे या. चांगल्या दर्जाचं स्पर्धेचं कंपाउंड धनुष्य, साइट, भिंग, स्टॅबिलायझरच्या दांड्या, रिलीज आणि डझनभर बाण, हे सगळं जमवायचं तर दोन-अडीच लाख हा आकडा सुरुवातीचा. बहुतेक माल परदेशी. कोट्यवधीच्या फ्लॅटच्या गप्पा मारणाऱ्या तुम्हा-आम्हाला तो फार वाटणार नाही. एक बरी बाइक तेवढ्याला येते. पण अदिती शेरेवाडीसारख्या लहान गावातून आलेली. वडील सरकारी शाळेत गणिताचे शिक्षक. लेकीच्या खेळासाठी कुटुंब साताऱ्यात राहायला आलं. १२ वर्षांची असताना वडील तिला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले, सगळे खेळ दाखवले आणि तिने नेमकी तिरंदाजी पकडली. पुढे धनुष्यासाठी कर्ज काढावं लागलं.

आता वर सांगितलेलं ट्यूनिंग या घराच्या जागी उभं राहून वाचा. १२ वर्षांची मुलगी वाढते. हात लांब होतात, म्हणजे दोरी ओढायची लांबी बदलते. अर्धा इंच जरी बदलली तरी कॅमची सेटिंग बदला, पीपची जागा बदला. अंगात ताकद आली, म्हणजे धनुष्याचा जोर वाढवा. जोर वाढवला की जुनी काडी मऊ पडली, म्हणजे अख्खा डझन बाण बाद. नवे घ्या, नवे कापा, पुन्हा कागद फाडा. आपल्या मुलांचे शाळेचे बूट दर जूनमध्ये लहान होतात तेव्हा आपण कुरकुर करतो. इथे दर वर्षा-दोन वर्षांनी बुटांच्या जागी बाणांचा डझन असतो. जे घर हे करू शकत नाही, तिथली मुलं दुसऱ्या कुणाच्या मापाचं, सेकंडहँड धनुष्य वापरतात. ओढायची लांबी इंचभर जास्त, म्हणून मुलगा मागे झुकून उभा राहतो. मागे झुकतो म्हणून खांदा वर जातो. खांदा वर जातो म्हणून बाण डावीकडे. आणि मैदानावरचे जाणकार म्हणतात, पोराचा फॉर्म चुकतोय! फॉर्म नाही हो चुकत, माप चुकतंय.

मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. आपल्याकडे खेळाडूला मदत म्हटली की मेडल आल्यावरचा चेक आणि सत्काराची शाल. मेडल आल्यावर ओजस आणि अदितीला २०२३चा अर्जुन पुरस्कार मिळाला, ते योग्यच झालं. पण तालुक्याच्या गावात एक बो-प्रेस, काड्या कापायची करवत, स्पाइन मोजायचं यंत्र, ग्रेनचा काटा आणि ते वापरता येणारा एक माणूस, हे सगळं एका मंत्र्याच्या सत्कार समारंभाच्या मंडपखर्चात बसेल. ज्या गावात ट्रॅक्टरचा मेकॅनिक आहे, पंपाचा मोटर वाइंडर आहे, तिथे धनुष्याचा मेकॅनिक तयार व्हायला अडचण कसली? आपल्याकडच्या पोरांच्या हाताला अक्कल भरपूर आहे. सातारा-सांगलीच्या एमआयडीसीत मायक्रॉनमध्ये टर्निंग करणारी पोरं आहेत. त्यांनी अजून धनुष्याला हात लावला नाही, एवढंच.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस सगळं खापर स्क्रूवर फोडतोय. ट्यूनिंगचं व्यसनही लागतं. ज्याचा स्कोअर वर जात नाही तो आज पॉइंट बदलतो, उद्या पिसं, परवा स्टॅबिलायझरवर दोन औंस चढवतो. सरावाचे बाण कमी आणि पान्याचे फेरे जास्त! असे लोक प्रत्येक मैदानावर दोन-तीन तरी असतात आणि त्यांच्याकडे सगळ्यात महागडी पेटी असते. (क्रिकेटमधली आपली कॉलनी टीम आठवा. ज्याची बॅट सगळ्यात भारी तो अकराव्या नंबरवर.) पार्थ साळुंखेचा रिकर्व्ह प्रकार तर याला फारसा वावच देत नाही. तिथे भिंग नाही, कॅम नाही, दोरी बोटांनी सोडायची आणि अंतर ७० मीटर. बोटांवरून दोरी सुटताना बाजूला ढकलली जाते, बाण सापासारखा वळवळत निघतो. त्याला आवरायला धनुष्याच्या बाजूला एक लहानशी स्प्रिंगवाली खुंटी असते, तिचा दाब कमी-जास्त करायचा. ट्यूनिंगचा मोठा भाग तिथेच, बाकी माणूस. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव याच रिकर्व्हमध्ये टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. कंपाउंडवाल्यांना मात्र ऑलिंपिकचं दार बंद होतं. जागतिक स्पर्धेत कंपाउंड १९९५ पासून, एशियन गेम्समध्ये २०१४ पासून, पण ऑलिंपिकमध्ये नाहीच. ओजसने २०२३च्या हांगझू एशियन गेम्समध्ये तीन सुवर्णपदकं घेतली आणि पुढच्या वर्षी पॅरिस टीव्हीवर पाहिलं.

एप्रिल २०२५ मध्ये ते दार थोडं किलकिलं झालं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा एकच प्रकार घेतला आहे, मिश्र सांघिक. एक मुलगा, एक मुलगी, मेडल एकच. दोघांनी आळीपाळीने मारायचं, म्हणजे एकाचं धनुष्य जरी बेसूर असलं तरी दोघांचं बोंबललं. देशात या दोन जागांसाठी किती रांग लागेल याचा अंदाज करा.

आता तुमच्यापैकी काहींना एव्हाना हात शिवशिवायला लागले असतील. तर थेट अडीच लाखांचा ईएमआय करू नका. आपल्याकडे इंडियन राउंड म्हणून प्रकार आहे, साधं बांबूचं किंवा लाकडाचं धनुष्य, काही हजारांत येतं. त्यावर सहा महिने काढा. खांदा कुठे ठेवायचा, दोरी हनुवटीला कुठे टेकायची, हे तेवढ्यात अंगात मुरतं, आणि मग तुमचं माप काय हे कोचला कळतं. कंपाउंड त्यानंतर, आणि तेही माप घेऊनच. शर्ट शिवायला टाकताना घेतो तसं.

आणि मैदानावर गेल्यावर एक गोष्ट चुकूनही करू नका. नवखा माणूस कुणाचं तरी कंपाउंड हातात घेतो, बाण न लावता दोरी ओढतो आणि स्टाइलमध्ये सोडून देतो. बाणात जायची ती सगळी ताकद जायला जागा नसते, ती परत धनुष्यातच शिरते. दोरी तुटते, कॅम वाकतो, पातं फुटतं, आणि डोळे वाचले तर नशीब. एखाद्या घराचं दोन वर्षांचं कर्ज असं एका टणत्कारात जातं. हात लावायच्या आधी मालकाला विचारा.